सुलुंगरावाचा हात

रहाटणी,
गुरुवार, १६ जानेवारी २०२५

ताई,

मला पत्र लिहायची सवय नाही. कंपनीत रोज लिहितो, पण ते तपासणीचे रिपोर्ट असतात. त्यात काय मोजलं, किती आलं आणि पास की नापास एवढंच असतं. तसंच लिहितो, रागावू नकोस.

आबा ९ डिसेंबरला, सोमवारी दुपारी सव्वातीनला गेले. उद्धवकाकांकडून तुला कळलं असेल. बारा दिवस दवाखान्यात होते. त्रास फार झाला नाही असं डॉक्टर म्हणाले. शेवटचे दोन दिवस बोलणं तुटक होतं. जेवणाचं काहीतरी बोलायचे. नाकात नळी होती, त्यामुळे देता काही येत नव्हतं. त्या गडबडीत तुला कळवायचं राहिलं. तू फोन केला असशील तर लागला नसेल, तिथे आत रेंज नसते.

दिवसकार्य सगळं झालं. आत्या आली होती. तुझा विषय कोणी काढला नाही.

लिहायचं कारण वेगळं आहे. दापोडीची खोली मार्चअखेर रिकामी करून द्यायची आहे. मालक चाळ पाडणार आहे. आबांना मी रहाटणीला आणायचा पुष्कळ प्रयत्न केला. फ्लॅटला लिफ्ट आहे, माझी बायको पूनम त्यांचं सगळं करायला तयार होती. ते यायचे, दोन दिवस राहायचे आणि परत दापोडीला जायचे. 'इथं मला रेल्वेची शिट्टी ऐकू येत न्हाई' म्हणायचे. माणूस शिट्टीसाठी एकटा राहतो, हे मला पटायचं नाही.

सामान फार नाही. तुझं काही असेल तर सांग. आईची पितळी डबी आहे, तुझे दहावीचे क्लासमधले फोटो आहेत. आणि माळ्यावर राजाचं पुस्तक सापडलं. तेच, हिरव्या पुठ्ठ्याचं, सोनेरी अक्षरांचं. कंपनीच्या जुन्या क्लबाची रद्दी निघाली तेव्हा आबांनी उचलून आणलेलं. कॅलेंडरच्या कागदात गुंडाळून वर सुतळी बांधली होती.

मी ते उघडून पाहिलं. आठ रंगीत चित्रं होती ना? सात आहेत. शेवटचं, राजा काठावर उभा असलेलं, कापून नेलंय. खाली कागदाची एक बारीक पट्टी तेवढी बायंडिंगला लटकते आहे, तिच्यावर इंग्रजी ओळ आहे. मी म्हणालो, उंदरानं खाल्लं असेल. पूनम म्हणाली, "उंदीर एवढं सरळ खात नाही."

तू गेलीस तेव्हा ते चित्र बरोबर नेलंस का? नेलं असशील तर तसं सांग. रागावून विचारत नाही. तू समाधानबरोबर गेलीस त्याला येत्या मे महिन्यात एकवीस वर्षं होतील, आता चित्रावरून काय भांडायचं. पण आबांनी ते पुस्तक तीस वर्षं जपलं आणि त्यातलं नेमकं तेवढंच पान नाही, हे मला बरोबर वाटत नाही.

पत्ता उद्धवकाकांनी दिला. बरोबर असेल असं धरून पाठवतो.

गणराज

*

रहाटणी,
गुरुवार, ३० जानेवारी २०२५

ताई,

उत्तर आलं नाही. स्पीड पोस्टच्या नोंदीत 'मिळालं' असं दाखवतं, म्हणजे पत्ता बरोबर आहे. खोलीचं विचारायला परत लिहितोय असं समज.

आज आमची सुट्टी. चाकणला, महाळुंग्याला अजूनही गुरुवारचीच सुट्टी असते. आपण लहान असतानाही आबांना गुरुवारीच असायची. आई गेल्यानंतरचे ते गुरुवार तुला आठवतात का? आपण शाळेतून यायचो तोवर आबांनी भात टाकलेला असायचा. ते स्टोव्हजवळ पाट घेऊन बसायचे, मांडीवर पुस्तक, आणि आपण दोघं दोन बाजूंना. भात होईपर्यंत गोष्ट.

मला इतकी वर्षं वाटायचं की आबा इंग्रजी वाचून आपल्याला मराठीत सांगतात.

मागच्या आठवड्यात ते पुस्तक मी माझ्या मुलीला, दिव्याला, वाचायला दिलं. ती अकरावीला आहे, इंग्रजी चांगलं आहे तिचं. शंभर वर्षांपूर्वी लंडनला छापलेलं आहे. चार दिवसांनी ती आली आणि म्हणाली, "पप्पा, आजोबांनी तुम्हाला उल्लू बनवलं."

मी विचारलं, काय झालं.

"तुम्ही सांगता त्यातलं यात काहीच नाही. राजा तर व्हिलन आहे. आणि हीरो तो साहेब."

मी तिला म्हणालो, नीट सांग, चित्राचित्राने सांग. मग आम्ही दोघांनी बसून रिपोर्ट केला. कंपनीत ड्रॉइंग एका हातात धरतो आणि बनवलेला जॉब दुसऱ्या हातात, तसा. डावीकडे पुस्तकात काय आहे, उजवीकडे आबा काय सांगायचे.

चित्र पहिलं. साहेब टोपी हातात धरून राजापुढे उभा आहे. आबा सांगायचे, साहेब नोकरी मागायला आलाय, टेंपररी हाय, परमनंट व्हायचंय त्याला. राजा म्हणतो, सहा महिने ट्रायल बघू, पाळी सांभाळतो का ते बघू. तू इतकी हसायचीस. पुस्तकात तो कॅप्टन मेरो आहे आणि त्यानं राजाला सांगितलंय की तीन दिवसांत नदी आमच्या ताब्यात दे, नाहीतर तोफा आणतो.

चित्र तिसरं. मगरी. आबा सांगायचे, राजाच्या दारात मगरी म्हणजे आपल्या गेटवरचे वॉचमन, दिसायला भयंकर पण ओळखीच्याला सोडतात. पुस्तकात राजा कैद्यांना मगरींपुढे टाकतो.

चित्र पाचवं. राजा वाकून होडीच्या फळीला हात लावतोय. आबा सांगायचे, राजा स्वतः होडी बांधतो, सांध्यातून बोट फिरवून बघतो, पाणी कुठून येईल ते. 'कारागीर राजा हाय तो. हुकूम देणारा न्हाई.' पुस्तकात तो साहेबाच्या होडीला चोरून भोक पाडतोय.

राजाचं नाव मात्र बरोबर निघालं. सुलुंग. तेवढं आबांनी अक्षरं जुळवून वाचलं असणार, आणि पुढे राव लावलं. आयटीआय झालेल्या माणसाला ड्रॉइंगवरची अक्षरं कळतात, वाक्यं कळत नाहीत. हे मला चाळिशी ओलांडल्यावर समजलं. तुला आठवीतच समजलं होतं.

सात चित्रांपैकी एकही जुळलं नाही. आमच्याकडे असा लॉट आला तर सगळ्यावर लाल खूण करून बाजूला ठेवतो. इथे लाल खूण कुठल्या बाजूला करायची तेच मला कळेना.

शेवटच्या चित्राचं आबा काय सांगायचे ते मला नीट आठवत नाही. राजाच्या मुलीची होडी लांब गेलेली, सुकाणूला एक तरुण, आणि काठावर राजानं हात वर केलेला, एवढं आठवतं. त्यानंतर आपण जेवायला बसायचो. लटकलेल्या पट्टीवरची ओळ दिव्यानं वाचली. 'राजा होडी बुडवण्याचा हुकूम देतो.'

ती ओळ मी आधी ऐकली होती. तूच वाचली होतीस, आठवीत असताना, त्या गुरुवारी. नवीन नवीन इंग्रजी, प्रत्येक पाटी वाचत सुटायचीस. "आबा, तुम्ही काहीही सांगता. खाली तर लिहिलंय, राजा होडी बुडवा म्हणतोय. मुलगी पळाली म्हणून."

आबा म्हणाले, "असं लिहिलंय व्हय?"

आणि पुस्तक मिटलं. त्यानंतर ते माळ्यावर गेलं ते आता मी काढलं. तू चौदा वर्षांची होतीस, तुझी काय चूक. पण खरं सांगायचं तर मला तुझा राग आला होता. समाधानच्या वेळी आला त्यापेक्षा जास्त. तू गेल्यावर घरात स्वयंपाकाला कोणी नव्हतं, ते चाललं. पण गुरुवार तू बंद केलेस असं माझ्या डोक्यात बसलं होतं.

हे लिहायचं ठरवलं नव्हतं. खोलीचं कळव.

गणराज

*

दापोडी,
गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५

ताई,

आधी माफी मागतो. चित्र तू नेलं नव्हतंस.

आज खोली आवरायला आलो. पत्र्याच्या पेटीवर बसून लिहितोय, अक्षर सांभाळून घे. सकाळी उद्धवकाका आले होते. शहात्तर वर्षांचे झाले, गुडघे गेलेत, तरी रिक्षा करून आले. टूलरूममध्ये आबांच्या शेजारच्या बाकावर तीस वर्षं काढलेला माणूस. त्यांच्यासमोर पुस्तक ठेवून मी सहज विचारलं, काका, याचं शेवटचं पान कुठे गेलं असेल?

त्यांनी पुस्तक पुढे ओढून पाहिलं. मग म्हणाले, "तुला ठाव न्हाई व्हय? ते पोस्टानं गेलं."

"कुणाला?"

"आता कुणाला म्हंजे? तुझ्या भनीला. दोन हजार नऊ साल. तिला पोरगी झाली आसं समाधानच्या दोस्ताकडनं आमाला कळलं. चार दिवसांनी हिंदुराव, तुमचा आबा, माझ्या दारात. हातात पाकीट. म्हनला, उद्धवा, यावर पत्ता तू लिही. मी म्हनलो, का, तुझा हात मोडला का? म्हनला, माझं अक्षर तिला ओळखू येतंय. फोडायच्या आदीच फेकून देईल."

मी विचारलं, आत पत्र होतं का?

"मी इचारलं की. आरं, चिठ्ठी तरी घाल दोन ओळींची. म्हनला, नको. तिला कळंल. चित्र घातलं आन् पाकीट चिकटवलं. मंग रोज इचारायचा, आलं का रं काय? माझ्या पत्त्यावर उत्तर येईल आसं त्याला वाटायचं. वरीसभर इचारलं. मंग सोडलं." काका उठताना म्हणाले, "तुझ्याकडं ऱ्हायला का न्हाई आला म्हाईत हाय? तिला हाच पत्ता ठाव हाय म्हनून. शिट्टी-बिट्टी काय न्हाई."

ताई, मी एवढी वर्षं आबांना दर गुरुवारी भेटायचो. किराणा भरून द्यायचो, बीपीच्या गोळ्या मोजून डबीत ठेवायचो. यातलं मला काहीच माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आता मला स्वस्थ बसवत नाही ते वेगळ्याच गोष्टीवरून. आबांना तर तू त्या गुरुवारी सांगितलंच होतंस की त्या चित्राखाली काय लिहिलंय. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. बुडवण्याचा हुकूम देणारा राजा, हे कळूनही त्यांनी तेच चित्र तुला पाठवलं. मुलगी पळाली म्हणून होडी बुडवणारा बाप. त्यांना हेच म्हणायचं होतं का? रागीट होते, तू गेल्यावर तुझं नाव त्यांनी घेऊ दिलं नाही, हे खरं आहे. पण मग पाच वर्षं थांबून, नात झाल्यावर, कोणी असं पाठवेल का? आणि रोज उत्तराची वाट बघेल का?

मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. जुळत नाही.

तुला ते मिळालं का, एवढं तरी सांग. एका ओळीत सांग.

गणराज

*

रहाटणी,
गुरुवार, २७ फेब्रुवारी २०२५

ताई,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. पूनमनं कंपनीत फोन करून सांगितलं, "वसमतहून काहीतरी आलंय, फोडू का?" मी नको म्हणालो. घरी येऊन हातपाय धुऊन मग फोडलं.

चार ओळी आहेत, पण पाठ झाल्या. 'चित्र मिळालं होतं. मी बाळंतिणीच्या खाटेवर होते. त्याखाली काय लिहिलंय ते मला वाचायची गरज नव्हती, मीच त्यांना वाचून दाखवलं होतं. एकदा पाहिलं आणि पेटीत तळाला टाकलं. शापाला उत्तर काय द्यायचं? आता ते गेले, विषय संपला. खोलीतलं मला काही नको.'

तुझ्या जागी मी असतो तर मीही हेच समजलो असतो. आबांच्या बाजूनं तुला पटवायला मला काही सापडत नव्हतं. मला पटवता येतही नाही. मग दुसरंच सांगतो, जे आधी सांगायला हवं होतं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की दवाखान्यात रेंज नसते. रेंज होती.

७ डिसेंबरला सकाळी साडेदहाला तुझा फोन आला. नंबर अनोळखी होता, मी उचलला. तू म्हणालीस, "गणू, मी बोलतेय. आबा कसे आहेत?" वीस वर्षांनी तुझा आवाज मी लगेच ओळखला. आत्या शेजारच्या बाकावर होती, तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काहीच न बोलता फोन कट केला. मग बंद केला आणि संध्याकाळपर्यंत बंद ठेवला. तू नंतर केला असशील तर म्हणून लागला नसेल.

का केलं, हे मला स्वतःला सांगता येत नाही. आत्याला घाबरलो म्हणावं तर मी तिला घाबरत नाही. मनात असं आलं की वीस वर्षं गोळ्या मी मोजल्या आणि आता शेवटच्या दिवशी ही येणार, आबा हिच्याकडे बघणार. हे लिहिताना लाज वाटते. पण आलं मनात.

त्याच दिवशी दुपारी आबा बोलायला लागले. मी तुला लिहिलं, जेवणाचं काहीतरी. ते शब्द मला स्वच्छ ऐकू आले होते. "भात निवतोय." तीनचारदा म्हणाले. मी नर्सला बोलावलं आणि म्हणालो, त्यांना भूक लागली आहे. ती म्हणाली, "काका, नळीतून दिलंय ना आत्ताच." तिनं चादर नीट केली. आबा दाराकडे बघत होते. पुन्हा म्हणाले, "ये गं. भात निवतोय."

मला वाटलं आईला हाक मारतात. तसं मी स्वतःला सांगितलं.

परवा दुपारपाळी नव्हती म्हणून रात्री जेवायला घरी होतो. दिव्या आत मोबाइल घेऊन बसलेली. पूनम पातेलं पुसत ओरडली, "दिव्या, ये गं, भात निवतोय!" रोज ओरडत असेल. मी घास हातात घेऊन तसाच बसलो. पूनम म्हणाली, "काय झालं, खडा लागला का?"

ताई, शेवटच्या चित्राचं आबा काय सांगायचे ते मला आठवलं. तुलाही आठवत असणार. होडी लांब गेली. सुकाणूला पोरगा, पोरगी मागं बघत न्हाई. मग आबा थांबायचे, पुस्तक आपल्यापुढे धरायचे आणि राजाच्या हातावर बोट ठेवायचे. 'राजा हाय ना तो, ओरडायचा न्हाई. नुसता हात वर करतो. काय म्हनतो? ये गं, भात निवतोय.' आणि भाताचं झाकण काढायचे. दर वेळी. म्हणून त्यानंतर आपण जेवायला बसायचो.

मग ते आईला हाक मारत नव्हते.

आणि बाहेर बाकावर मी तुझा फोन बंद करून बसलो होतो.

यातून काय समजायचं ते तू समज. मला अजून सगळं नीट लागत नाही. मरताना माणूस मऊ होतो, असंही असेल. २००९ मध्ये पाकीट चिकटवताना त्यांच्या मनात काय होतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मी न बघितलेल्या गोष्टीवर सही करत नाही. पण हे मी बघितलेलं आहे, आणि ते फक्त माझ्याकडे होतं. ते तुला न देता मी अडीच महिने बसलो.

गणराज

*

दापोडी,
गुरुवार, १३ मार्च २०२५

ताई,

आज होळी. पूनमनं पुरणाच्या पोळ्या केल्यात, संध्याकाळी घरी जायचंय. त्याआधी लिहितो, कारण आज एक गोष्ट सापडली आणि ती तुला न सांगता घरी जावंसं वाटत नाही.

खोली जवळजवळ रिकामी झाली. आबांची हत्यारं तेवढी राहिली होती. बिस्किटांच्या डब्यात सहा इंची स्टीलची फूटपट्टी, कानस आणि कागद कापायचं पातं, तेल लावून फडक्यात बांधलेलं. फूटपट्टी हातात आली म्हणून मी पुस्तकातली ती लटकलेली कागदी पट्टी मोजायला घेतली. सवय, दुसरं काय.

या टोकाला नऊ मिलिमीटर. मध्ये नऊ. त्या टोकाला नऊ. उभा काप बायंडिंगला धरून वरून खाली आलाय आणि तळापर्यंत गेलेला नाही. ओळीच्या वर बरोबर येऊन थांबलाय. तिथून दुसरा काप, आडवा, ओळीच्या डोक्यावरून. कोपऱ्यात दोन काप एकमेकांना भेटतात, पुढे रेषभरही गेलेले नाहीत. हा आबांचाच हात. टूलरूममध्ये पोरांना सांगायचे, एका कापात होतंय तिथं दुसरा काप घेनारा एकतर येडा, न्हाईतर त्याला कायतरी वेगळं करायचंय.

ताई, चित्रच पाठवायचं असतं तर एक उभा काप पुरला असता. सगळं पान ओळीसकट निघालं असतं. तेच सोपं होतं. त्यांनी दुसरा काप घेतला. साहेबानं लिहिलेली ओळ पुस्तकात ठेवली आणि राजा तेवढा तुला पाठवला.

तू म्हणतेस, खालची ओळ वाचायची तुला गरज नव्हती. मी म्हणतो, ती तिथे नसणार. पेटीच्या तळातून काढ आणि खालची कड बघ. सरळ असेल, पातं लावलेली. त्याखाली काहीही लिहिलेलं नसेल. असेल तर मी चुकलो, मग मला लिहू नकोस. मी रिपोर्ट न बघता देतोय, आयुष्यात पहिल्यांदा.

हे लिहिताना परत वाटतं की मी मला हवं ते बघतोय का. पण नऊ, नऊ आणि नऊ आलंय. तीनदा मोजलं.

तुझ्या फोनचं मी केलं ते भरून येणार नाही. त्याबद्दल तू मला बोल, समोर बोल, मी ऐकून घेईन. आत्याला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग ह्यात एवढं पत्र काय लिहायचं, आणायला जा की." मी निघालोही असतो, पण तुझ्या दारात न विचारता उभं राहायचा हक्क मला नाही.

चावी ३१ तारखेला द्यायची आहे. त्याआधीचा गुरुवार २७ मार्च, मला सुट्टी आहे. स्टोव्ह आणि एक पातेलं अजून खोलीत ठेवलंय, मालकाला सांगितलंय की तेवढं शेवटी नेतो. येणार असलीस तर चित्र आण. पुस्तक माझ्याकडे आहे. कड कडेला लावून बघू. समाधानभावजींना आणि भाचीला आण. तिचं नाव मला ठाऊक नाही, हेही लिहायचं राहिलं होतं.

वसमतची ट्रॅव्हल्स सकाळी सहाच्या सुमाराला नाशिक फाट्याला पोचते. ड्रायव्हरला सांगून ठेव, नाहीतर थेट निगडीला नेतात. पुलाखाली उतर. माझा नंबर तोच आहे आणि फोन चालू आहे.

मी साडेपाचपासून तिथे उभा राहतो. आता माझे केस गेलेत आणि चष्मा लागलाय, तू ओळखणार नाहीस. त्या वेळेला कंपन्यांच्या बस लागतात, पहिल्या पाळीची गर्दी असते. दिसावं म्हणून हात वर करीन.

गणू